पहिल्या आरतीचा मान

मंडळाने यंदा सायकल स्पर्धा ठेवली होती. महिनाभरात ज्याच्या घड्याळावर सगळ्यात जास्त मैल, त्याला गणपतीच्या पहिल्या आरतीचा मान.

नीनाचा पहिला नंबर पक्का होता. पण शेवटच्या आठवड्यात रवींद्रकाका स्पेनला गेले आणि तिथून रोज चाळीस-चाळीस मैल टाकायला लागले. शिवाय ग्रुपवर फोटो : कधी नदीकाठची कच्ची वाट, कधी नजर पोचेल तिथवर माळरान.

नीनाने एकेक फोटो झूम करून पाहिला. "एवढ्या धुळीतून आले आणि बूट पांढरेशुभ्र? साठीच्या माणसाला जमतं का हे? नक्की इलेक्ट्रिक बाइक आहे. नाहीतर घड्याळ दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात!"

तिला राहवेना. तिने ग्रुपवर लिहिलं, "काका, राग मानू नका, पण देवाच्या कामात तरी चीटिंग नको."

 

तेवढ्यात तिचा नवरा राजीव हेल्मेट काढत, घामाघूम होऊन गराजमधून आत आला. मनगटावरचं गुलाबी पट्ट्याचं घड्याळ सोडून त्याने तिच्यापुढे ठेवलं. "घे बाई, आज तुझे तीस मैल झाले."