डावीकडची मॅट

आमच्या जुन्या गाडीत ब्रेकचे पेडल उजवीकडे आहे. झिजून भोक पडले आहे ते मात्र डाव्या सीटपुढच्या रबरी मॅटला.

हे मला ब्रेक हलका करणारा बूस्टर बदलताना दिसले. त्याचे नट पेडलच्या वर, आतल्या अंगाला असतात. ते सोडवायला पाय ठेवायच्या जागी डोके घालून आडवे व्हावे लागते. मॅटखाली गंज नव्हता, उंदराने कुरतडल्याची खूणही नव्हती. त्या सीटवर माझी पत्नी बसत असे. तिला जाऊन वर्ष झाले, तरी तिने कलती केलेली सीटची पाठ मी सरळ केलेली नाही.

“ब्रेक इतका जड राहणार असेल, तर गाडी विकायची,” असे मुलीने बजावले होते. नवा बूस्टर बसवला, पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू केले. पेडल अलगद खाली गेले. मुलीला शेजारी बसवून निघालो.

कोपऱ्यावर कुत्रे आडवे आले. मी ब्रेक दाबला, गाडी जागीच थांबली आणि डावीकडे धप्प असा आवाज झाला. मुलीची टाच नेमकी त्या भोकावर होती.

“तिकडे ब्रेक नाही,” मी म्हणालो.

“माहीत आहे हो, बाबा. आईलाही माहीत होतं. मागच्या सीटवरून मला दिसायचं.” मग म्हणाली, “गाडी ठेवा. मॅट तेवढी बदला.”

“मॅट राहू दे.”

माझी नजर नेहमी रस्त्यावर असे. भोकाचे कारण एवढेच: मी ब्रेक दाबत असे, तेव्हा तीही दाबत असे.