रॉकेटात चूल कुठे आहे?

कचेरीतल्या एफ्राइम या ज्यू कारकुनाला परग्रहांच्या कादंबऱ्यांचं भारी वेड. पनवेलच्या वाचनालयात रॉकेटचं चित्र असलेलं पुस्तक आलं, की ते आधी याच्याच पिशवीत जायचं. बायको मझल हसायची, "आपट्याची एसटी धड मिळत नाही, आणि निघाले मंगळावर."

एका सोमवारी त्याने परत दिलेलं नवंकोरं पुस्तक ग्रंथपालांनी त्याच्यासमोर उघडं धरलं. "एफ्राइमराव, हे तुमच्याआधी कुणी नेलंच नव्हतं. पुन्हा समासात पेन्सिल चालवलीत, तर नाव कमी करीन."

समासात लिहिलं होतं : 'नऊ महिन्यांचा प्रवास, सात पुरुष. रॉकेटात चूल कुठे आहे?' पुढे एके ठिकाणी : 'पान चाळीसवर मेलेला कप्तान इथे चहा कसा पितो?'

कप्तानाचं तर एफ्राइमच्याही ध्यानात आलं नव्हतं. घरी येऊन तो गुरगुरला, "माझी पुस्तकं वाचतेस?"

"शनिवारी शब्बाथ. चूल पेटवायची नाही, मग दिवसभर करू काय?"

"आणि वर लिहितेस? शब्बाथला लिहिणं पाप आहे, मझल."

"म्हणून तर सगळ्या चुका रविवारपर्यंत तोंडपाठ ठेवाव्या लागतात. अहो, पुढच्या वेळी जरा कमी चुकांचं आणा."