पाठमोरी

कावेरीचे कान पाचव्या वर्षी तापात गेले. तेव्हापासून रोज भाकरी थापताना, लेकीकडं पाठ करून, नंदाबाई एकच गोष्ट पुटपुटायची, "मीच तीन दिवस अंगारा लावत बसले गं लेकी, दवाखान्यात न्यायला येळ केला." कावेरी ओठांवरून बोलणं ओळखायची; आपलं तोंड तिला दिसत नाही म्हणून तर नंदाबाईला बोलता यायचं. कावेरी मागं बसून अभ्यास करायची. घरकामाचं तिला एकच वेड, चुलीमागच्या फळीवरचा स्टीलचा डबा रोज राखेनं घासून आरशासारखा लख्ख ठेवायचा.

बाराव्या वर्षी पुण्यात ऑपरेशन झालं, कानाला मशीन लागलं. डॉक्टर म्हणाले, "आई, आता हिच्याशी दिवसभर बोलत राहायचं."

गावी, तीर्थपुरीला परतल्यापासून मात्र नंदाबाईची वाचाच बसली. पीठ मळायची, मधेच उठायची, दाराशी जाऊन परत यायची. तोंड उघडलं की तेच बाहेर पडेल, ही धास्ती.

शेवटी कावेरीच तिच्याजवळ सरकली आणि जडावलेल्या जिभेनं म्हणाली,



"माय, बोल की गं. फक्त त्या तीन दिवसांचं आता नको. ते मी रोज त्या डब्यात तुझ्या व्हटांवर वाचलंय."