वादळाच्या वाटेवरचं घर

पडद्यावर वादळाचा डोळा लख्ख उघडला आणि वेधशाळेतल्या अंदाजकाराने खुर्ची पडद्याजवळ ओढली. डोळा असा स्वच्छ दिसला की समजायचं, वादळ आणखी चेकाळलंय. त्यात कालच ते वळलं होतं. आता वादळाचं तोंड सरळ त्याच्या बाबांच्या किनाऱ्यावरच्या गल्लीकडे होतं.

"इशारा गेलाय ना तिकडे?" शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं.

"कालच गेला. पण आमचे बाबा म्हणजे! रेडिओ म्हणाला पळा, की हे मुद्दाम खुर्ची टाकून बसणार. आणि मी पूर्व म्हटलं की हे पश्चिमेला निघालेच. जन्मात कधी माझं ऐकलेलं नाही."

"मग?"

"मग काय, सकाळी फोन करून उलटंच सांगितलं. बाबा, बिनधास्त घरी बसा, वादळ बाजूने जातंय. असे भडकले! 'मला अक्कल शिकवू नकोस' म्हणून फोन कट केला. काम फत्ते!"

मॅडम हसल्या नाहीत. "अहो, जिवाशी खेळ आहे हा."

ते त्यालाही कळत होतं. आई गेल्यापासून बाबा एकटेच होते, आणि या माणसावर त्याचा जीव होता, कितीही भांडले तरी. त्याने ताईला फोन लावला. ती मुलांना घेऊन आधीच टेकडीवरच्या शाळेत पोचली होती.

"बाबा निघाले का गं?"

"मी निघाले तेव्हा पेटी बांधून दारात उभे होते. गल्लीला शाळेत न्यायला येणाऱ्या ट्रकची वाट बघत होते."

त्याला इतकं हायसं वाटलं की तो चक्क खुर्चीतच सैलावला. म्हातारा फसला एकदाचा!

दुपारी पडद्यावर किनारा ढगाखाली गेला. तेवढ्यात बाबांचा फोन आला. मागे वारा नुसता घोंघावत होता.

"पोचलात ना शाळेत?"

"अरे, पेटी पहाटेच बांधली होती. ट्रकमध्ये चढलोसुद्धा होतो, तेवढ्यात तुझा फोन." बाबांचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. "आधी चिडलो. मग म्हटलं, एवढा शिकलेला पोरगा, आयुष्यात एकदा तरी त्याचं ऐकावं."

"बाबा, कुठे आहात तुम्ही?"

"घरीच, बिनधास्त. आणि एकटा नाही रे, तुझा शब्द म्हटल्यावर ट्रकमधली आख्खी गल्ली खाली उतरली."