बारमाही पाणी

बाई चिखलात गुडघे टेकून बसल्या होत्या. म्हणजे गेल्या आठवड्यापर्यंत तिथे चिखल होता. आता माती टणक झाली होती आणि लव्हाळ्याचे शेंडे पिवळे पडले होते.

बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. पंपहाउसच्या भिंतीमागचा हा लव्हाळा इथला मूळचा, आणि आता फक्त एवढाच उरलेला. दिसायला गवत, पण देठ तिधारी. बोटांत फिरवला की कडा लागत. बाईंनी घरातल्या प्रत्येकाला तो फिरवायला लावला होता. सासूबाई "छान आहे हो" म्हणून उठून गेल्या होत्या.

उद्या समिती येणार होती. बारमाही पाणी असेल तर जागा लव्हाळ्यासाठी राखीव, नाहीतर टँकरच्या पार्किंगला.

"अहो, झरा आटला," बाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं.

नवरा याच पंपहाउसवर फिटर होता. "कुठला झरा?"

"हाच, भिंतीखालून येणारा. अहवालात लिहिलाय मी."

नवऱ्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"अगं, तो झरा नव्हता. तळ्याकडून येणारा पाइप गळत होता. मीच बसवला घट्ट. म्हटलं, तुझे पाहुणे येणार, उगाच बूट भरायला नकोत."

वरून हुकूम नसताना त्याने आपणहून केलेली ही नोकरीतली पहिली दुरुस्ती होती. बाईंनी पिवळ्या शेंड्यांकडे बोट दाखवलं. तो गुपचूप पाना आणायला गेला.

संध्याकाळपर्यंत पुन्हा चिखल झाला. पण खोटं बोलणं बाईंना जमण्यातलं नव्हतं. त्यांनी अहवालातला झरा खोडला आणि वर 'गळती' असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी ते पान दोनदा वाचलं.

"नैसर्गिक अधिवास म्हणजे... गळती?"

"हो. तळ्याचा काठ बांधून काढला, तेव्हा बाकीचा सगळा लव्हाळा गेला. तळ्याचं पाणी आता एवढंच मिळतं त्याला."

अध्यक्षांनी एक देठ बोटांत धरून फिरवला. मग पुन्हा फिरवला. त्यांच्या बुटांत पाणी शिरलं होतं, पण ते हलले नाहीत.

"ही गळती बारमाही आहे का?"

मागे उभ्या असलेल्या नवऱ्याने टोपी काढली.

"मी नोकरीत आहे तोवर बारमाहीच, साहेब."