आभाराची प्रार्थना

एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडीच्या तापात, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, मिशनच्या बोर्डिंगमधली एकही मुलगी दगावली नाही. बोर्डिंग सांभाळणाऱ्या रूथबाई एकेकीच्या उशाशी बसून पेज भरवायच्या, प्रार्थना करायच्या. चिचगडची गुणवंता तेवढी धडधाकट होती. घरी आई तापानं पडल्याचं कळताच ती निघाली, तर बाईंनी तिला दारातच अडवलं. "देवावर सोड. तो तुझ्या मायला राखील."

साथ ओसरली तसा मामा येऊन माय गेल्याचं सांगून गेला. संध्याकाळी आभाराच्या प्रार्थनेला गुणवंतानं हात जोडले नाहीत.

"देवानं तुला राखलं ना, पोरी?" बाईंनी हळूच विचारलं.

"राखलं. पण मायले पाणी पाजाले घरी कोणी नव्हतं, बाई. मी इथं तुमच्यासंग प्रार्थना करून राहिली होती."