एकच कागद

बेचाळीस साल. कोरेगावच्या लीलाबाई मास्तरणीच्या घरात चळवळीचा छापखाना चालतो, अशी खबर लागली म्हणून फौजदार जगदाळे भर दुपारी तिथं धडकले. ओसरीवर पोरं काचेवर निळीनं फुलं रंगवून वर कागद दाबत होती. अंजना नावाची पोर तर कागदावर सुलट उठावं म्हणून काचेवर आपलं नाव उलटं लिहीत होती.

"पत्रकं हितंच छापता न्हवं?" फौजदार गरजले.

"आवं साहेब, एकदा रंगवलं की एकच कागद उठतो, दुसरा न्हाई," लीलाबाई म्हणाल्या. "त्यात पत्रकं कशी निघायची?"

अंजनानं आतून काळी खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीला घामेजली पाठ टेकून साहेबांनी तासभर शिपायांकडून अख्खं घर धुंडाळून घेतलं. चिटोरंसुद्धा हाती लागलं नाही. चरफडत ते बाजारातून निघाले, तर मागं सगळा बाजार खुसुखुसु हसतोय, आणि वळून बघावं तर जो तो गप्प! चौकीत येताच त्यांनी वैतागून खाकी सदरा काढला आणि टेबलावर आपटला.



सदऱ्याच्या पाठीवर, निळ्याभोर सुलट अक्षरांत, एकच प्रत उठली होती: 'चले जाव'.